‘चालायचंच’ असे म्हणू नये

(संस्थेच्या महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाळंतपणानंतर बाईच्या ओटीपोटाच्या तळाची जी ताकद जाते, ती परत कशी मिळवावी, हा आजचा माझा विषय आहे. विषय ऐकून काही जणींनी माना खाली घातल्या आहेत, हे मला इथून दिसते. मी डॉक्टर नाही. मी बँकेत कारकून आहे आणि शिक्षण म्हणाल तर कला शाखेची पदवी. परंतु जे सांगणार आहे ते वाचून, फिजिओथेरपीच्या जाणकारांना विचारून आणि पारखून सांगणार आहे. बंधूंनीही उठून जाऊ नये. आपल्या घरात आई आहे, बहीण आहे, पत्नी आहे, उद्या सूनही येणार आहे.

प्रथम दुखणे काय ते स्पष्ट सांगते. बाळंतपण होऊन महिने लोटलेले असतात. मूल रांगू लागते. आणि आईला जोराची शिंक आली, खोकला आला, खळखळून हसू आले, भरलेला हंडा उचलला की लघवीचे चार थेंब निसटतात. कपडा ओला होतो. काहींना लघवीची भावना झाली की मोरीपर्यंत जाईतो दम निघत नाही. काहींना वारा सरणे आवरत नाही. काहींना खाली जड-जड वाटते, काहीतरी उतरल्यासारखे वाटते. आपल्याकडे त्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात.

ही बाई धीर करून सासूबाईंना सांगते. सासूबाई म्हणतात, “अगं सूनबाई, मला चार लेकरं झाली. बाईच्या जातीला असं चालायचंच.” सासूबाई वाईट नसतात. त्यांनाही त्यांच्या सासूने हेच सांगितलेले असते. या ‘चालायचंच’विषयीच मला आज बोलायचे आहे.

किती जणींना हा त्रास होतो?

जगभरच्या वैद्यकीय अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांच्या मते बाळंतपणानंतर साधारण तीन स्त्रियांपैकी एकीला लघवी निसटण्याचा त्रास होतो. शौचावरचा ताबा कमी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण दहांत एकीपर्यंत जाते. आता या सभागृहात नजर टाका आणि मनातल्या मनात हिशेब करा. आपल्या रांगेत बसलेल्या आया मोजा आणि तीनाने भागा. म्हणजे जिला वाटते की हे फक्त मलाच झाले आहे, तिच्या शेजारीच तिची सोबतीण बसलेली आहे. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, एवढेच.

न बोलण्याची किंमत फार मोठी आहे. बाई पाणी पिणे कमी करते, कारण पाणी प्याले की लघवी येते. त्यातून बद्धकोष्ठ होतो, लघवीला जळजळ होते. लग्नकार्यात ती दाराजवळची जागा धरते. बसचा प्रवास टाळते. मुलीने दोरीवरच्या उड्या मारायला बोलावले तर ‘तू खेळ’ म्हणते. नवऱ्यापासून दूर राहते आणि कारण सांगत नाही, म्हणून घरात उगाच रुसवेफुगवे होतात. कामावर जाणारी बाई मधल्या सुट्टीची वाट पाहत अवघडून बसते. शेतात, बांधकामावर, लोकांच्या घरी राबणाऱ्या बाईला तर आडोसाही मिळत नाही.

आपल्याकडचे मौन किती खोल आहे, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात मिळालेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. आणि त्याआधी कधी स्त्रीरोगांसाठी तपासणी झालेल्या स्त्रिया किती होत्या? फक्त ८ टक्के. हा अभ्यास सर्व प्रकारच्या स्त्रीरोगांचा होता, केवळ आजच्या विषयाचा नव्हता. परंतु बाई अंगावर किती काढते, ते या दोन आकड्यांतून कळते.

शरीराची झोळी

आता थोडी शरीराची माहिती घेऊ. विद्यार्थिनींनी विशेष लक्ष द्यावे.

आपण बाळाला निजवण्यासाठी जुन्या लुगड्याची झोळी बांधतो. तशीच एक झोळी निसर्गाने प्रत्येकाच्या ओटीपोटाच्या तळाशी बांधलेली आहे. ती स्नायूंची आहे. तिचे एक टोक पुढे ओटीपोटाखाली हाताला लागणाऱ्या हाडाला आणि दुसरे टोक मागे माकडहाडाला आहे. डॉक्टर तिला ‘पेल्विक फ्लोअर’ म्हणतात, आपण तळाचे स्नायू म्हणू. या झोळीच्या आधारावर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तीन अवयव असतात. लघवीची वाट, योनीमार्ग आणि शौचाची वाट या तिन्ही वाटा या झोळीतूनच खाली येतात. स्नायू आवळले की वाटा बंद राहतात, सैल सोडले की उघडतात. आपण खोकतो तेव्हा पोटातला दाब एकदम खाली येतो. झोळी ताठ असेल तर ती तो दाब झेलते. ढिली असेल तर लघवी निसटते.

गरोदरपणात नऊ महिने या झोळीवर वाढते ओझे असते. शरीरातील रसायनांमुळे ऊतीही मऊ पडतात. मग प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके या स्नायूंतून बाहेर येते. त्या क्षणी या स्नायूंचा काही भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो, असे शास्त्रज्ञांनी गणिताने काढलेले आहे. पायाचा किंवा दंडाचा स्नायू इतका ताणला गेला तर आपण महिनाभर त्याला शेकू, जपू, लंगडत चालू. या स्नायूंच्या बाबतीत मात्र बाई आठ-पंधरा दिवसांत धुण्याची बादली उचलते.

मूल मोठे असेल, कळा देण्याचा काळ लांबला असेल, चिमटे लावून प्रसूती झाली असेल किंवा खालचा भाग फाटून टाके पडले असतील, तर झोळीला अधिक इजा होते. काही जणी म्हणतात, “माझे सिझेरियन झाले, मला काय त्याचे?” सिझेरियनमध्ये धोका कमी असतो हे खरे. पण नऊ महिन्यांचे ओझे त्याही बाईने वाहिलेलेच असते. म्हणून व्यायाम तिनेही करावा.

हा व्यायाम कोठून आला?

ताणलेला स्नायू व्यायामाने पुन्हा बळकट होतो, हा साधा नियम आहे. मोडलेल्या हाताचे प्लास्टर काढल्यावर डॉक्टर हाताला व्यायाम सांगतात, तेच इथे. १९३६ च्या सुमारास लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील मिनी रँडेल आणि नृत्यशिक्षिका मार्गारेट मॉरिस या दोन स्त्रियांनी बाळंतिणींसाठी असे व्यायाम शिकवले. पुढे १९४८ साली अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगल यांनी या स्नायूंच्या व्यायामावर निबंध प्रसिद्ध केला. बाई किती जोराने स्नायू आवळते ते तिला काट्यावर दिसावे, असे हवेच्या दाबाचे एक साधनही त्यांनी तयार केले. त्यांच्या नावावरून आज दवाखान्यात याला ‘केगल व्यायाम’ म्हणतात. आपल्याकडे योगाभ्यासातील मूलबंध आणि अश्विनी मुद्रा यांत हाच भाग आवळला जातो. तेव्हा ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही.

गुण येतो का, असे कोणीही विचारील. २०१८ साली १४ देशांतील ३१ प्रयोगांचा, म्हणजे एकूण १,८१७ स्त्रियांचा आढावा प्रसिद्ध झाला. खोकताना, शिंकताना लघवी निसटणाऱ्या ज्या स्त्रियांनी हा व्यायाम केला, त्यांच्यापैकी ५६ टक्के स्त्रियांनी ‘मी बरी झाले’ असे सांगितले. ज्यांनी केला नाही, त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होते. औषध नाही, सुई नाही, खर्च नाही.

व्यायाम कसा करावा?

लघवी करून यावे. उताणे झोपावे, गुडघे वाकवून पावले जमिनीवर टेकवावीत. आता अशी कल्पना करावी की चार माणसांत बसलो आहोत, वारा सरू पाहतो आहे आणि तो रोखायचा आहे. त्याच वेळी लघवीही रोखायची आहे. हे करताना खालचा भाग आतल्या बाजूस आणि वर ओढल्यासारखा वाटतो. तेच आपले स्नायू.

या वेळी पोट, मांड्या व कुल्ले सैल असावेत. श्वास रोखू नये. तोंडाने सावकाश आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. सर्वांत महत्त्वाचे, खाली जोर देऊ नये, वर ओढावे. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना केवळ तोंडी सूचना देऊन पाहिले. त्यांपैकी साधारण निम्म्याच स्त्रियांना ते बरोबर जमले आणि चौघींत एक तर त्रास वाढेल असा उलटाच प्रयत्न करीत होती. म्हणून शक्य असेल तेथे एकदा स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून खात्री करून घ्यावी.

आता मात्रा सांगते. स्नायू आवळून जेवढा वेळ धरता येईल तेवढा वेळ धरावा. सुरुवातीला दोन-तीन सेकंदच जमेल, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडावे. सैल सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे. असे आठ ते दहा वेळा करावे. हळूहळू धरण्याचा वेळ दहा सेकंदांपर्यंत न्यावा. त्यानंतर दहा वेळा झटपट आवळून सोडावे. दिवसातून तीन वेळा हे करावे. झोपून जमले की बसून, बसून जमले की उभ्याने. बाळाला पाजताना, बस थांब्यावर, भाकरी थापताना, काउंटरवर बसल्या बसल्यासुद्धा करता येते. शेजारच्या माणसाला काही कळत नाही.

एक सवय आणखी लावून घ्यावी. खोकला, शिंक येणार असे वाटले किंवा बादली, पोते, मूल उचलायचे असेल, तर आधी स्नायू आवळावेत आणि मग खोकावे किंवा उचलावे. धरणाला दार असते ते पूर येण्यापूर्वी लावावे लागते, तसेच हे आहे. लघवी करता करता मध्येच थांबवून व्यायाम करण्याची सवय मात्र लावू नये. त्याने मूत्राशय पुरते रिकामे होत नाही.

सुरुवात केव्हा करावी? नेहमीसारखी प्रसूती झाली असेल आणि लघवी व्यवस्थित होऊ लागली असेल, लघवीची नळी असल्यास ती निघाली असेल, तर पहिल्या काही दिवसांतच हलक्या हाताने म्हणतात तसे हलकेच आवळणे सुरू करता येते. टाके असले तरी सौम्य हालचाल चालते. मात्र दुखले तर थांबावे आणि विचारावे. खोल फाटले असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे. पोट कमी करण्यासाठी उठाबशा किंवा दंड-बैठका पहिले सहा आठवडे नकोत.

आणि ज्यांची मुले आज कॉलेजात आहेत त्या भगिनींनी ‘आता माझे वय झाले’ म्हणू नये. स्नायू उशिरानेही ऐकतात.

गुण यायला किमान तीन महिने लागतात. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे रिकरिंग डिपॉझिट आहे. हप्ता लहान, पण चुकवायचा नाही. एका वेळेला पाच मिनिटे, दिवसाला पंधरा, नव्वद दिवसांची १,३५० मिनिटे, म्हणजे साडेबावीस तास. तीन महिन्यांत मिळून पुरता एक दिवसही जात नाही. आठ दिवस करून फरक नाही म्हणून सोडणे म्हणजे दुसऱ्या हप्त्यालाच व्याज मागण्यासारखे आहे.

बाळंतिणीच्या खोलीतील काही गोष्टी

आपल्या जुन्या पद्धतींत पुष्कळ चांगले आहे. सव्वा महिना विश्रांती, तेल-मालीश, डिंकाचे व अळिवाचे लाडू, गरम अन्न. ज्या घरात ही विश्रांती खरोखर मिळते, ती बाई भाग्यवान. पण काही गोष्टी तपासून पाहिल्या पाहिजेत. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, ही एक. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी अधिक लागते. पाणी कमी पडले की शौचाला खडा होतो, आणि कुंथण्याचा सगळा जोर याच झोळीवर येतो. म्हणून पाणी भरपूर, ताक, पालेभाज्या, फळे द्यावीत. दुसरी गोष्ट पोट बांधण्याची. पट्ट्याने कमरेला आधार वाटत असेल तर सैलसर बांधावा. पण पट्ट्याने तळाचे स्नायू बळकट होत नाहीत, आणि फार आवळला तर दाब खालीच जातो. तिसरी गोष्ट ओझे. पाण्याचा भरलेला हंडा, गॅसचा सिलिंडर, दळणाचा डबा ही पहिल्या दोन महिन्यांत बाळंतिणीची कामे नव्हेत. जुनाट खोकला असेल तर त्यावर उपचार करावा, कारण प्रत्येक ढासेचा धक्का खालीच बसतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

योनीमार्गातून काही बाहेर आल्यासारखे हाताला लागत असेल, शौच आवरत नसेल, लघवीला आग होऊन ताप येत असेल, लघवी अडत असेल, व्यायामाने किंवा नवराबायकोच्या संबंधात दुखत असेल, तर घरी थांबू नये. रात्रंदिवस अखंड गळत असेल तर ते वेगळे दुखणे असू शकते आणि त्याला तातडीने तपासणी हवी. तीन महिने नेमाने व्यायाम करूनही फरक नसेल तरी जावे. अंग खाली उतरले असेल तर प्रत्येक वेळी शस्त्रक्रियाच लागते असे नाही. आधारासाठी आत बसवायची रिंग मिळते, तिचाही उपयोग होतो.

इथे एक इशारा देते. ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. पिशवी काढल्याने तळाचे स्नायू बळकट होत नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या कितीतरी स्त्रियांच्या पिशव्या तरुण वयात काढल्या गेल्याचे २०१९ साली उघड झाले आणि त्याची चौकशी विधिमंडळापर्यंत गेली. काही दुखण्यांत ही शस्त्रक्रिया आवश्यकच असते, हेही खरे. परंतु कारण विचारल्याशिवाय सही करू नये.

विश्रांती हा हक्क आहे

आता कोणी म्हणेल, विश्रांती घ्या, ओझे उचलू नका, हे सांगणे सोपे आहे, पण रोजंदारीवरच्या बाईने काय करावे? प्रश्न रास्त आहे. आणि तो जुना आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ साली देशभराचा कायदा आला आणि २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी ही पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. माझ्यासारख्या नोकरदार बायकांना तिचा लाभ मिळाला. पण धुणीभांडी करणारी, विटा वाहणारी, दुसऱ्याच्या रानात खुरपणारी बाई या रजेच्या बाहेरच राहते. तिची विश्रांती तिच्या घरातल्या माणसांच्या हातात असते. म्हणून बंधूंनो, दोन महिने पाणी तुम्ही भरा. त्यात कमीपणा नाही.

आपण काय करू शकतो?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. ही मोठी प्रगती आहे. परंतु घरी सोडताना बाळाच्या लसीचा कागद मिळतो, आईच्या या व्यायामाचा कागद सहसा मिळत नाही. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर तळाच्या स्नायूंच्या प्रशिक्षणाची दहा सत्रे सरकारी विम्यातून मिळतात. आपल्याला दहा नकोत, एकाने तरी सुरुवात होऊ शकते. आशाताई बाळाला पाहण्यासाठी पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात. त्यांना आपणच विचारावे, “ताई, बाळाचे झाले, आता आईचे सांगा.” आपल्या महिला मंडळाने वर्षातून दोनदा एखाद्या महिला फिजिओथेरपिस्टना बोलावून बाळंतिणींना आणि गरोदर भगिनींना हा व्यायाम प्रत्यक्ष शिकवावा, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे.

विद्यार्थिनींनो, तुम्ही जीवशास्त्राच्या वहीत हृदयाची, डोळ्याची आकृती काढता, नावे देता, गुण मिळवता. ही झोळीही त्याच शरीरात आहे. तिचे नाव घ्यायला लाजू नका. आणि उद्या तुमच्या आईने, वहिनीने किंवा मोलकरीण म्हणून येणाऱ्या मावशींनी हा त्रास दबल्या आवाजात सांगितला, तर तोंडातून ‘चालायचंच’ हा शब्द येऊ देऊ नका. ‘बसा, मी दाखवते कसे करायचे ते,’ असे म्हणा.